कुसुमबाईच्या घशात ओतलेलं पाणी

फोन आला तेव्हा मी आरमोरीच्या शाळेत वह्या तपासत होते. "कुसुमबाई गेली," शेजारीण म्हणाली, आणि लगेच, "आमी सगळं करून पाह्यलं." ते सगळं काय, हे तिच्या गावी, सावलीला पोचल्यावर कळलं. बाजारात मासोळ्या विकताना तिला मिरगी आली. एकाने नाकाला चप्पल लावली, दुसऱ्याने मुठीत किल्ली कोंबली, तिसऱ्या शहाण्याने चमच्याने दात उघडून घशात तांब्याभर पाणी ओतलं. पाणी श्वासनळीत गेलं. दवाखाना येईपर्यंत बाई संपली होती...

माझी ही मोठी मावसबहीण. झटके तिला लहानपणापासून. बाकीच्या पोरांना लागेल म्हणून गुरुजींनी तिला चौथीतून घरी बसवलं. असले लोक शिकवतात. लग्नानंतर पहिलाच झटका पाहून नवऱ्याने "बाहेरचं हाय" म्हणत माहेरी आणून सोडली. बाईने मासोळ्यांची टोपली उचलली, एकटीच सरकारी दवाखान्यात जाऊन गोळ्या सुरू केल्या, आणि झटका आला तर काय करायचं ते मला पढवून ठेवलं.

एकदा मार्कंड्याच्या जत्रेत ती माझ्यासमोर पडली. मी आसपासचे दगड बाजूला केले, ओढणीची घडी डोक्याखाली दिली, हातपाय दाबून न धरता घड्याळ पाहत राहिले. झटका ओसरताच तिला कुशीवर वळवलं. एक गृहस्थ हातात चप्पल घेऊन वाकलेच होते. त्यांना मी थांबवलं. थोड्या वेळाने बाई भानावर आली.

"किती?"

"अडीच मिनिटं."

"पाचच्या वर गेलं असतं तं गाडी पाह्यली असती ना?"

"हो, बाई."

मग तिची नजर त्या गृहस्थाकडे गेली. "त्याले चप्पल घालाले सांग. पाय भाजून राह्यले बिचाऱ्याचे."

तेराव्याला बाजारातले तेच चप्पलवाले, किल्लीवाले, तांब्यावाले पंगतीत बसून भात ओरपत होते. "गोळ्या चुकवल्या असतीन तिनं," एकजण म्हणाला. मी वाढत राहिले. इतकी वर्षं पोरांकडून पाढे घोकून घेतले, पण पडलेल्या माणसाच्या तोंडात काही घालू नका, हे एका वर्गाला सांगितलं नाही. त्या पंगतीत खरं तर मीही शोभले असते.

जेवणं उरकल्यावर तिच्या खोलीत गेले. गोळ्यांच्या डब्याजवळ भिंतीवर कॅलेंडर होतं. रोजच्या चौकोनात पेन्सिलीच्या दोन फुल्या, सकाळची आणि संध्याकाळची. मी महिन्यामागून महिने उलटत गेले. एकही चौकोन चुकलेला नव्हता. तिच्या शेवटच्या बाजाराच्या दिवशी मात्र एकच फुली... सकाळची.