दोन सांगाडे, एक नंबर

ते प्रकरण मनात आलं की आजही मान खाली जाते. तपासात चूक झाली नव्हती, कुणावर हातही उचलला नव्हता. तरी जाते.

माझी नोकरीतली शेवटची थंडी. बोर्ली पंचतनच्या बाजारात खबऱ्यानं टीप दिली: जवळच्या गावातला एक बागायतदार जुन्या मोटरसायकली दुरुस्त करून उभ्या करतो, त्याची यंदाची गाडी चोरीची आहे. आमच्या किनाऱ्यावर हा शौक थंडीतच चालतो. पावसाळ्यात रंग वाळत नाही, म्हणून दिवाळी झाली की लोक पडवीत पाने-पक्कड घेऊन बसतात.

स्टेशन डायरीत नोंद केली, दोन पंच घेतले आणि गेलो. गाडी इतकी चकचकीत, की आमचा हवालदार टाकीत मिशी बघायला लागला. सांगाड्यावरचा चासी नंबर मात्र ताजा ठोकलेला. बागायतदाराला ठाण्यात आणलं. पन्नाशीचा, सरळ माणूस.

पहिल्याच प्रश्नाला म्हणाला, "लिहा साहेब, चोरी मीच केली. फक्त माझ्या वहिनींना काही सांगू नका."

"कुठून चोरलीत?"

"तुम्हीच घाला काहीतरी, साहेब."

"कुलूप कशानं तोडलंत?"

"कुलूप होतं तिला?" त्यानं मलाच विचारलं. अहो, चोराला एवढं तरी माहीत असतं.

मी त्याची पडवी पुन्हा तपासायला लावली. नारळाच्या सोडणांच्या ढिगाखाली दुसरा सांगाडा निघाला, गंजानं खाल्लेला. त्यावर तोच नंबर. त्याचा फोटो पुढ्यात ठेवला तेव्हा गडी रडायलाच लागला. ती गंजलेली गाडी त्याच्या वारलेल्या भावाची. ती पुन्हा चालवून दाखवीन, असा शब्द त्यानं वहिनींना दिला होता. पावसात जपायची म्हणून ताडपत्री घट्ट आवळली. खारी हवा आत कोंडली आणि गाडी कुजली.

"माझ्या हातानं घालवली साहेब मी ती."

मग भंगारवाल्याकडून तसलीच गाडी बिनकागदाची घेतली आणि तिच्यावर भावाचा नंबर ठोकला. ती चोरीची असेल, हे त्याच्या डोक्यातही आलं नाही.

वहिनी डबा घेऊन आल्या होत्या. दारात उभ्या राहून त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांना बघून त्यानं तोंड ओंजळीत लपवलं.

"भावजी, मला पहिल्या दिवशीच कळलं," त्या म्हणाल्या. "मी बुटकी, म्हणून ह्यांनी मागचं पायदान वर घेऊन वेल्ड केलेलं. ते तुमच्या ध्यानात राहिलं नाही. तुम्ही मला बाजारात नेलंत तेव्हा माझे पाय लोंबत होते."

"मग बोलला का नाहीत?" त्यानं ओंजळीतूनच विचारलं.

"थंडीभर खपलात. तुम्हाला खाली मान घालायला लावू?"

आणि आम्ही तेच केलं होतं, भर ठाण्यात, शिपायांसमोर. मला त्या दोघांकडे बघवेना.

गाडी मूळ मालकाला मिळाली, भंगारवाला आत गेला. नंबर ठोकल्याचा गुन्हा याच्यावर लागलाच, त्याला इलाज नव्हता. माणूस शिक्षेला भितो असं आम्ही पोलीस धरून चालतो. हा तुरुंगात जायला तयार होता, फक्त त्या बाईच्या नजरेला नजर द्यायला तयार नव्हता.

त्या दिवशी संध्याकाळी नोटीस देऊन त्याला सोडलं. तो फाटकाशीच अडला. वहिनींनी न उघडलेला डबा त्याच्या हातात दिला.

"चला, एसटी चुकेल. ह्यांचा तो सांगाडा ठाण्यातून सुटला की घासायला घ्या. पडवीत नुसता उभा राहिला तरी मला पुरे."

तो मान वर न करता त्यांच्या मागून गेला.