व्हायोलिन काढून टाकलेलं गाणं

आग्नेल मास्तर गेल्याची बातमी मला माझ्याच फोटोतून कळली. शोकसभेचा फलक कुणीतरी मोबाइलवर पाठवला होता. त्यावर टोपी घालून, हाताची घडी घालून उभा असलेला मी मोठा. आणि खाली कोपऱ्यात, पासपोर्टच्या फोटोएवढे मास्तर. मला स्वतःचीच शिसारी आली. आता महिना होईल, ती गेलेली नाही.

मास्तर मालवणच्या शाळेत संगीत शिकवायचे, रविवारी चर्चमध्ये व्हायोलिन वाजवायचे. निवृत्तीनंतर त्यांच्या ओसरीवर मी पंखा दुरुस्त करायला गेलो होतो. काम करता करता रॅप पुटपुटत होतो. त्यांनी मोठ्याने म्हणायला लावलं. बंदुका, अंधाऱ्या गल्ल्या, दुश्मन... मी कधी न पाहिलेलं सगळं त्यात होतं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "ही गल्ली खंय आसा रे?"

कुठेच नाही, असं मला कबूल करावं लागलं.

"मगे तुझ्या घराची वाट सांग. मी वाजयतंय."

त्यांनी खर्जाच्या तारेवर गज टेकवला. मी अडखळत सुरुवात केली. माझी आई बाजारात मासे विकते. एसटीत ती चढली की बायका पदर नाकाला लावून सरकून बसतात, आणि शाळेत असताना मीही तिच्यापासून दोन बाकं मागे बसायचो, हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. माझी ओळ संपली की मास्तर वाजवत, आणि ते वाजवत असतानाच पुढची ओळ मला सुचे. त्यांचे सूर रडवे नव्हते. चौकशी केल्यासारखे होते. मला उत्तर देणं भाग पडायचं. अशा आठ-दहा दुपारींत 'खवले' हे गाणं झालं. शेवटच्या कडव्यात आईचं नाव आलं, सुमती, तेव्हा मास्तरांनी गज खाली ठेवला आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिले...

ओसरीवरच मोबाइलवर मुद्रित केलेलं ते गाणं मुंबईच्या एका निर्मात्याला आवडलं. फक्त व्हायोलिन काढू या म्हणाला, मयताला बसल्यासारखं वाटतं. मी हो म्हटलं. व्हायोलिनबरोबर मास्तरांचं नावही गेलं, त्यालाही हो म्हटलं. त्यांना सांगायला गेलो, तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "आवशीचा नाव ऱ्हवला मां?"

आईचं नाव राहिलं, म्हणालो.

"मगे बरा झाला."

त्यानंतर मी त्या ओसरीवर फिरकलो नाही. गाणं गाजलं. शोकसभेत मात्र मी व्यासपीठावर बसलो, 'माझे गुरू' म्हणालो, आणि टाळ्या पडल्या. खाली उतरलो तर त्याच निर्मात्याचा फोन. व्हायोलिनचं जुनं ध्वनिमुद्रण असेल तर पाठव म्हणाला. हार घातलेला फोटो लावून काढू, आता लोकांना भिडेल. नाही म्हणून फोन ठेवला. पण खरी किळस वेगळ्याच गोष्टीची आली. तो बोलत असताना ती फाइल कुठे ठेवली आहे, हे मी मनात शोधून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मास्तरांच्या पत्नीकडे, रोझीकाकींकडे गेलो आणि हे सगळं सांगून टाकलं. गाण्यातून व्हायोलिन मीच काढू दिलं होतं, तेही सांगितलं. त्यांनी मला ना शिव्या दिल्या, ना धीर दिला. आतून आपला मोबाइल आणला आणि गाणं लावलं, बाजारात मिळतं तेच. पहिलं कडवं संपलं तसं त्यांनी बोटाने ते थांबवलं.

"हंयसर ते वाजयत होते," त्या म्हणाल्या. "रोज. जेवण झाला काय मोबाइल लावूक सांगत, आणि कडवा संपला काय थांबवूक."

व्हायोलिन खाटेवर पेटीत बंद होतं. काकी भिंतीकडे बघत मान हलवत राहिल्या, त्यांना पाठ झालेलं ते वाजवणं पुरं होईपर्यंत... मग त्यांनी पुन्हा बोट टेकवलं, आणि पुढची ओळ माझ्या आवाजात सुरू झाली.