काचेवरची मांदेली

तांडेलाला, म्हणजे बोटीच्या म्होरक्याला, मासळीची किळस येते, हे कुणाला सांगून पटणार नाही. आज मला आली. बोट नांगरावर उभी होती आणि केबिनच्या टपावर, सौर पॅनेलच्या काळ्या काचेवर, आमचा जेवण बनवणारा खलाशी भिकू याने मांदेली वाळत घातली होती. पाणी सुटलेली, चिकट, काचेला खवले लागलेले. खाली वायरलेसवर माझा भाऊ त्याच्या बोटीतून बोलत होता, "जाळं बोटीच्या पंख्यात अडकलंय, आम्ही..." आणि आमची बॅटरी बसली. इंजिन सुरू करायला गेलो, तर त्याच बॅटरीवर चालू होणारं तेही नुसतं टकटकलं.

"ऊन फुकटच जात होतं, तांडेल," भिकू म्हणाला.

शी! फुकट म्हणे. आठ-आठ दिवस पाण्यावर राहणाऱ्या आम्हा माणसांचा दिवा, फोन, भावाचा आवाज, सगळं त्या एवढ्याशा काचेतून येतं. पण येताना दिसत नाही, म्हणून तिच्यावर काहीही पसरायचं. डिझेलच्या पिंपाजवळ हाच भिकू विडीसुद्धा पेटवत नाही.

तोंडाला येईल ते बोलत मी मासळी खाली लोटली. तिच्याखाली काचेच्या एका कोपऱ्यात एक टॉवेल अंथरलेला होता, तोही बरबटलेला. तो भिकूच्या अंगावर फेकणार, तेवढ्यात तो हळूच म्हणाला, "तुमचाच आहे. सकाळी तुम्ही इथे वाळत टाकलात, ते बघूनच मला सुचलं."

त्याच टॉवेलाच्या कोरड्या टोकाने मी काच पुसायला लागलो. खाली वायरलेस गप्पच होता.