संगीताने नाव चालवून दाखवली

मेलेल्या बायकोबद्दल लिहायला बसलो आणि हसू येऊन राह्यलं.

माफ करा. पण संगीताच तशी होती.

आज तिला जाऊन वर्ष झालं.

दिग्रसच्या लाल एसटी गाडीवरची कंडक्टर. तुमच्यातले बरेच जण ओळखत असतील. पुसद, यवतमाळ आणि मधली सगळी खेडी, तिचा आवाज सगळीकडे फेमस.

मी कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर. मधे बोंडअळीची काही वर्षं आली. कापूस झाडावरच सडायचा, जिनिंगला गाड्याच येत नव्हत्या. सहा महिने चालणारी मशीन दोन महिन्यांत गप्प. बाकीचे दहा महिने घर तिच्या ड्युटीवर चाललं.

कधी बोलून दाखवलं नाही. फक्त म्हणाली, "बसून राहू नका, पोळ्या शिका."

शिकलो.

त्याच वर्षांत फवारणी करून आलेला एक माणूस तिच्या गाडीत कोसळला. तोंडाला फेस. तिनं ड्रायव्हरला गाडी थेट सरकारी दवाखान्यात घ्यायला लावली. मधे एकही थांबा नाही. मागून पॅसेंजर ओरडायला लागले.

ही म्हणाली, "ज्याले उतरायचं त्यानं दवाखान्यात उतरा."

तो माणूस जगला.

तर अशा बाईची एक गोष्ट मी बावीस वर्षं खरी मानली नाही.

ती म्हणायची, "मले नाव चालवता येते."

तिचे बाबा पैनगंगेवर नावाडी होते. या काठच्या लोकांना त्या काठाला सोडायचे. बाबांना ताप आला की दहा वर्षांची ही पोरगी नाव न्यायची म्हणे. मग पूल झाला आणि नाव बंद पडली.

मी हसायचो. पाहुण्यांसमोर तर जास्तच. "आमच्या घरी कॅप्टन आहे," म्हणायचो.

"एक दिवस बसवतोच तुमाले," ती म्हणायची.

मग अंडाशयाचा कॅन्सर निघाला. दीड वर्ष नागपूरच्या चकरा. केमो झाली की चार-पाच दिवस आडवी, मग डोक्याला स्कार्फ बांधून पुन्हा ड्युटीवर.

शेवटी डॉक्टर म्हणाले, "आता आणखी केमोचा उपयोग नाही. त्रास कमी राहील एवढं पाहू."

मी भिंतीकडे पाहत होतो.

संगीता म्हणाली, "सर, मंग नाव चालवली तर चालते काय?"

"काय चालवली?"

"नाव. पाण्यावरची."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवला. "लाईफ जॅकेट घाला. दम लागला की थांबा. बाकी खुशाल जा."

मी नाही म्हणालो. रस्त्यातच काही झालं तर? सासूबाई रडल्या. माझा भाऊ चिडला. तीन दिवस घरात भांडण.

चौथ्या दिवशी ती शांतपणे म्हणाली, "पल्लवीचे बाबा, घरी राहून मी वाचत असन तर राहतो. वाचणार आहो काय मी?"



मी बॅग भरायला घेतली.

ती, मी आणि आमची मुलगी पल्लवी. रामटेकजवळच्या खिंडसी तलावावर दोन दिवस.

पहिल्या दिवशी तिला उठवेना. खोलीच्या खिडकीतून नुसती पाण्याकडे पाहत पडून राहिली. मला वाटलं, आपण उशीर केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन आलो तर बाई पायात चप्पल घालून तयार. "चला."

आम्ही वल्ह्याची नाव मागितली. तिथल्या नावाड्यानं आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "दादा, मी येतो संगं. ताईले नाही जमणार."

"या ना," ती म्हणाली. "बसा तिकडं."

वल्ही हातात घेतली तेव्हा तिचं वजन अडतीस किलो होतं.

पहिले दोन फटके वाकडे गेले. मी हळूच पल्लवीकडे पाहिलं.

तिसऱ्याला नाव सरळ झाली.

आणि मग ती थांबलीच नाही! पाठ ताठ, नजर काठावर. पाण्याचा थेंब उडत नव्हता. बघता बघता काठावरची माणसं बाहुल्यांएवढी झाली.

नावाडी बघतच राहिला. "ताई, कोठी शिकल्या?"

"पैनगंगेवर. माह्या बाबाकडं."

मग माझ्याकडे पाहिलं. तो चेहरा मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"आता बोला."

काय बोलणार? पन्नाशीचा मी, पोहता येत नाही म्हणून दोन्ही हातांनी नाव धरून बसलो होतो.

"चुकलो," म्हणालो.

"जोरात. पल्लवीले ऐकू नाही आलं."

"चुकलो!" तलावभर ओरडलो.

नावाडीसुद्धा हसला.

मधोमध पोचल्यावर तिला दम लागला. ओठ पांढरे पडले. नावाडी पुढे सरकला, तर तिनं हातानंच थांबवलं. "तुमी नाही. हे नेतात."

वल्ही माझ्या हातात दिली.

"दोन्ही हात संगं. घाई कायले करता? पाणी कुठं पळून नाही चाललं."

नाव जागेवर गोल फिरली. दोनदा. ती पल्लवीच्या मांडीवर डोकं ठेवून हसत होती, खोकत होती, परत हसत होती. अर्धा तास लागला. पण नाव काठाला मीच लावली.

त्यानंतर एकोणीस दिवस.

ते सोपे नव्हते, खोटं लिहिणार नाही. शेवटी शेवटी घोटभर पाणी जाईना. पण भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती एकच गोष्ट सांगायची.

"यायनं नाव चालवली."

स्वतःचं नाही सांगितलं. माझं सांगितलं.

सकाळी दहाच्या सुमारास गेली. पल्लवीचा हात हातात होता.

खांदा पल्लवीनं दिला. आणि संगीतासोबतच्या तीन कंडक्टर बायांनी, ड्युटीच्या कपड्यांवर. कुणी त्यावर काही बोललं असेल, तर मला ऐकू आलं नाही.

संगीता, बावीस वर्षांत तुला एकदाही शाबास म्हणालो नव्हतो.

आज सगळ्यांसमोर म्हणतो.

शाबास!

भरल्या मनानं आणि ताठ मानेनं तुला निरोप.