पाणी भरून ठेवलेलं मशीन

आमचं कपडे धुण्याचं मशीन आधी घुरघुरायला लागलं, मग खडखडायला. शेवटी कपडे पिळायची वेळ आली की असं ओरडायचं की खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात गाठून विचारायच्या, "वर गिरणी टाकली काय वो?" मला हसायचंही त्राण नव्हतं. सासूबाई न्हाणीत घसरून पडल्या, तेव्हापासून अंथरुणाला खिळल्या होत्या. रोज चादरी, रोज गाऊन, रोज खालची दुपटी. नोकरी करून हे सगळं निभत होतं ते त्या मशीनच्या जिवावर.

ह्यांनी निदान सुरू केलं. मशीनवर पाण्याची वाटी ठेवून ते तिरकं आहे का पाहिलं, एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली. तरी आवाज तोच. मग म्हणाले, "तू कपडे कोंबतेस फार." मी एकूण एक कपडा बाहेर काढला आणि मशीन रिकामं फिरवलं. ते तितकंच ओरडलं. "आता कुणी कोंबलं?" म्हटलं. ह्यांनी पेपर उघडला.

औरंगपुऱ्यातून मेकॅनिक आणला. त्यानं आतलं भांडं हातानं फिरवलं, खर्रखर्र झालं. मशीन आडवं केलं तर खालून गंजाचं तांबडं पाणी ओघळलं. "सील कुजलं, बेअरिंग गेलं," तो म्हणाला. "ह्यात पाणी भरून ठेवता का?"

ठेवत होतो ना. पडेगावात तेव्हा इमारतींवर इमारती उठत होत्या, पाऊस पाठ फिरवून बसला होता आणि नळाला पाणी यायचं ते त्याच्या मर्जीनं. आलं की बादल्या, कळशा, कुकर, लोणच्याच्या रिकाम्या बरण्या, जे सापडेल ते भरायचं. मशीनला तर वर झाकणही होतं. ते आम्ही काठोकाठ भरायचो आणि पुढच्या धुण्यापर्यंत तांब्यानं उपसून वापरायचो. आमच्या जिन्यात सगळेच तसं करायचे. "ह्या भागात सगळीकडं हेच दुखणं," मेकॅनिक म्हणाला. "करून देतो, पण परत भरू नका. नायतर नवीन घ्या."

ह्यांचं मन नव्यावर गेलं. दिवाळीत घेऊ म्हणाले. दिवाळी कुठं होती! "तोवर?" मी विचारलं. "तोवर हातानं." कुणाच्या हातानं, हे बोलायची गरजच नव्हती.

मी हातानं धुवायला लागले. जाड चादर ओली झाली की मेली उचलत नाही. पिळताना मनगटातून कळ निघायची. खंगाळलेलं पाणी संडासासाठी बाजूला ठेवायचं, ते वेगळंच काम. चिडचिड व्हायची, आणि ती कुणावर काढायची तेही कळायचं नाही.

पण आठवड्याभरात चादरी कमी भिजायला लागल्या. मला इतकं बरं वाटलं की विचारू नका. म्हटलं, चला, सासूबाई सुधारतायत.

एका दुपारी त्यांच्याशी बोलत बसले, तर त्यांची जीभ टाळूला चिकटत होती. मी पाणी पुढं केलं. त्यांनी नुसते ओठ ओले केले आणि भांडं परत दिलं.

"आई, प्या की."

"तहानच नाय लागत."

"असं कसं? खरं सांगा."

त्यांनी तोंड भिंतीकडं वळवलं. मग म्हणाल्या, "मी पाणी पिते, अन् तू मोरीत बसतीस. धुणं आपटल्याचा आवाज येतो मला. तू मधीच थांबतीस, हात दाबतीस, तेबी कळतं. म्हणून कमीच घेते."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. सगळं गाव घोटभर पाण्यासाठी वणवण करत होतं आणि माझ्या घरात, भरलेल्या कळशीशेजारी, ही बाई माझ्यापायी तहानलेली पडून होती. आणि मी खूश होते.

तिथूनच ह्यांना फोन केला. म्हटलं, "दिवाळीची वाट नाही बघायची. मेकॅनिकला आजच्या आज बोलवा." ते काहीतरी विचारत होते, मी फोन ठेवला.

मग तांब्या भरून आणला आणि त्यांच्या उशाशी बसले. तो संपेपर्यंत उठले नाही. त्या पीत होत्या, पण प्रत्येक घोटाआधी माझ्या हातांकडं बघत होत्या.