नागेशचं ओरिजिनल लायसन्स

नागेश सबनीस हा किती नाकासमोर चालणारा माणूस आहे, हे एकदा कळलं की पुढचा त्याचा संताप समजतो. जर्मनीत लुडविग्सहाफेनच्या एका रासायनिक कारखान्यात तो पंपांची देखभाल बघतो. रविवारी सकाळी रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी लाल दिवा दिसला की हा थांबणार, आणि शेजारून कुणी तसंच ओलांडून गेलं तर त्याच्या पाठीकडे डोळे वटारून बघणार. अशा माणसाला गेल्या शरद ऋतूत चोर ठरवण्यात आलं. तोंडावर कुणी म्हटलं नाही म्हणा. इथे तसं म्हणत नाहीत, गोड शब्दांत मेल पाठवतात.

भानगड घरातल्या जुन्या कॉम्प्युटरची. नागेश सांगलीहून इथे नोकरीला आला तेव्हा पहिल्या पगारातून त्याने तो घेतला होता, आणि त्यावरच्या ऑपरेटिंग सिस्टिमचे वेगळे पैसे मोजले होते. सिस्टिम विकत घ्यायची असते ही गोष्टच आपल्याकडे कित्येकांच्या गावी नसते. कॉम्प्युटरवाला येतो, खिशातून सीडी काढतो, चहा पितो आणि जातो. पुण्याचा चुलतभाऊ शिरीष तर फोनवर पोट धरून हसला होता, म्हणाला, दादाने हवेचे पैसे दिले. नागेशला त्याचं वाईट वाटलं नाही. उलट घरी येईल त्याला तो कॉम्प्युटरच्या डब्याच्या बाजूचा लायसन्सचा स्टिकर दाखवायचा. चहा नंतर, स्टिकर आधी.

उर्जा, त्याची मुलगी, आता नववीत आहे. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमधून येतं. तिच्या शाळेने निर्वासित मुलांच्या अभ्यासवर्गासाठी घरातले जुने कॉम्प्युटर मागवले. अट एकच, सिस्टिमचं लायसन्स खरं हवं. वर्गात कुणाच्या घरचं खरं, कुणाच्या घरचं खोटं, कुणालाच धड माहीत नव्हतं. उर्जाने हात वर केला आणि आमचं ओरिजिनल आहे, माझ्या बाबाने विकत घेतलंय, असं सगळ्यांसमोर सांगितलं. ते ऐकून नागेशला इतका आनंद झाला की त्या रात्री तो दोन पोळ्या जास्त जेवला.

मग पठ्ठ्याने सगळं नियमाने केलं. घरची माहिती बाहेर जायला नको म्हणून जुनी डिस्क काढली, तळघरात नेऊन ड्रिलने तिला आरपार भोकं पाडली आणि नवी डिस्क बसवली. सिस्टिम पुन्हा टाकायला घेतली तर स्क्रीनने लायसन्सचा नंबर मागितला. नंबर स्टिकरवर. नागेशने कित्येक वर्षांनी डबा उजेडाकडे फिरवला. स्टिकर जागच्या जागी होता, पण त्याच्यावर गुलाबी डाग पसरला होता, आणि शेवटची चार-पाच अक्षरं पार पुसून गेली होती.

त्याने हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडच्या बाई अतिशय सभ्य होत्या. नंबर पूर्ण नसेल तर खरेदीची पावती दाखवा, म्हणाल्या. पावती नागेशने अर्थातच जपून ठेवली होती, पण ती गुळगुळीत कागदाची. इतक्या वर्षांत तिच्यावरची शाई उडून ती कोरी झाली होती. मग बाई म्हणाल्या, लाइडर, काही करता येणार नाही. हा लाइडर, म्हणजे दुर्दैवाने, इथे सगळे इतक्या सहज म्हणतात की नागेशच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अहो बाई, पैसे घेताना कुठे होतं तुमचं दुर्दैव?

नागेशने घडलं ते शाळेला कळवलं, आणि शाळेची मेल दुसऱ्या दिवशी आली. लायसन्स कुठून आलं हे सिद्ध होत नसेल तर कॉम्प्युटर स्वीकारता येत नाही, तुमच्या इच्छेबद्दल आभार. उर्जा त्या दिवशी घरी आली ती थेट आपल्या खोलीत गेली. बऱ्याच वेळाने ऊर्मिलेने, नागेशच्या बायकोने, तिच्याकडून काढून घेतलं, की वर्गात मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं होतं, मग तुझ्या बाबाने ते ढापलं होतं का?

हे ऐकल्यावर नागेशचा आवाज जिन्यात ऐकू येत होता. नवीन सिस्टिम त्या मशीनला झेपणार नव्हती. तिच्या आधीची आता नवी कोरी मिळत नव्हती. एका दुकानात वापरलेली लायसन्सं मिळत होती, बिलासकट, आणि ते इथे कायदेशीर आहे. ऊर्मिला म्हणाली, अहो, घेऊन टाका आणि सुटा. तर हा उसळला. पुन्हा विकत घ्यायचं म्हणजे पहिलं चोरीचं होतं हे आपणच कबूल करायचं. मेलो तरी घेणार नाही. शिरीषने मध्येच फोन करून इथून पाच मिनिटांत फुकटातली सिस्टिम टाकून देतो म्हटलं, त्यालाही जन्माचं ऐकवलं.

शेवटी गाडी ऊर्मिलेवर आली.

"दर खंडेनवमीला सगळं घासूनपुसून काढायची हौस कुणाला आहे? स्टिकर पुसलास तूच."

खंडेनवमीला नागेशच्या घरी हत्यारं पुजतात. पाने, स्क्रूड्रायव्हर, गाडीची किल्ली आणि हा कॉम्प्युटर, सगळं पाटाभोवती मांडून. ऊर्मिला म्हणाली, मी कोरड्या फडक्याने धूळ झटकते, त्याच्या पलीकडे हात लावत नाही. तिचे डोळे भरून आले होते.

"कुंकू मी लावायचे," उर्जा म्हणाली. चक्क मराठीत म्हणाली, म्हणून दोघांनीही वळून बघितलं. "ओलं करून. तू मला उचलून घ्यायचास, बाबा. तू म्हणायचास, इथेच लाव, हे आपलं ओरिजिनल आहे."

नागेश खाली बसला. खरंच होतं ते. इवलासा अंगठा तोच धरायचा, आणि बोट नीट टेकावं म्हणून तोच वरून दाबायचा, वर्षानुवर्षं. त्याला ऊर्मिलेकडे बघवेना.

"घेऊ विकत," तो म्हणाला.

उर्जाने जर्मनमधून विचारलं, पण मग शाळेत सगळ्यांना वाटेल ना, की पहिलं ढापलेलंच होतं?

"वाटू दे. हा दंड आहे."

"कसला?"

"बढाईचा," नागेश म्हणाला, आणि ऊर्मिलेची माफी त्याने तिथेच, मुलीसमोर मागितली. हेल्पलाइनवाल्यांना मात्र त्याने माफ केलं नाही. त्यांना तो अजूनही लफंगे म्हणतो.

दुसऱ्या दिवशी त्याने लायसन्स घेतलं, सिस्टिम टाकली आणि शाळेला मेल लिहायला बसला. बिल जोडलं आहे, कॉम्प्युटर शुक्रवारी आणून देतो, एवढं लिहून झालं. मग त्याने आणखी एक वाक्य लिहिलं, की या आधीचं लायसन्सही मी विकतच घेतलं होतं. बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला, आणि खोडलं. उगाच कशाला.

उर्जा शेजारी उभी राहून वाचत होती. तिने कीबोर्ड आपल्याकडे ओढला, ते वाक्य जसंच्या तसं परत टाइप केलं आणि मेल पाठवून दिली.