फणसाच्या वळणावरचं गाऱ्हाणं

"गाडी खालीच ठेवलीय गो. उद्या भरून आणू," असं म्हणत हे दुपारी बागेतून वर आले. हातपाय धुतले, कुळथाच्या पिठीबरोबर पुन्हा पुन्हा भात मागून घेतला, वर "आज मीठ बरोबर पडलंय" असा शेराही मारला, आणि ओटीवर पंखा लावून आडवे झाले. चहा उकळल्यावर मी हाक मारली. मग चिडून मारली. मग जवळ जाऊन खांद्याला हात लावला आणि... डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेले, त्यांना काही कळलंही नसेल. म्हणजे माणूस पोटभर जेवून, बायकोला सर्टिफिकेट देऊन, कुणाला न सांगता निघून गेला. याला नशीब म्हणायचं की लबाडी, ते माझं अजून ठरत नाही. भेटायला येणाऱ्या बायका मला रडताना बघायच्या तयारीने येतात. मी ह्यांचं काहीतरी सांगायला लागते आणि मध्येच मला हसायला येतं. मग त्या एकमेकींकडे बघतात. बघू देत. आता काही आठवडे झाले, आणि मला जे आठवतं ते हसण्यासारखंच आहे, त्याला मी काय करू?

आमचे हे म्हणजे येसूभाऊ. आमच्या वाडीत ह्यांना दोन गोष्टींसाठी ओळखायचे, हापूसच्या बागेसाठी आणि त्या बागेतून आंबा वर काढणाऱ्या जुन्या ट्रकसाठी. आमचं घर वर सड्याच्या, म्हणजे कातळाच्या माळाच्या, कडेला, डांबरी रस्त्याजवळ. बाग खाली, खाडीच्या अंगाला. मधला उतार म्हणजे नुसता जांभा, वर सुटी खडी, आणि त्यातून ह्यांनी स्वतः खणून काढलेली वाट. तिला रस्ता म्हणायची हिंमत फक्त ह्यांचीच. त्या वाटेच्या मध्यावर एक जुना फणस आहे आणि तिथे वाट अशी वळते की गाडी एका दमात वळतच नाही. नाक समोरच्या दरडीला टेकेपर्यंत पुढे जायचं, तिथून मागे यायचं, आणि मागची चाकं कडेपाशी आली की थांबायचं. खाली व्हाळ, म्हणजे खोल ओढा. आणि आता भरलेली गाडी चढावर, उभ्या जागेवरून, परत सुरू करायची. हँडब्रेक नावाला होता. म्हणजे ब्रेकवरचा पाय काढून अॅक्सिलरेटरवर न्यायचा, क्लच हळूहळू सोडायचा, आणि गाडीने धरेपर्यंतच्या त्या क्षणभरात ती मागे गेली नाही पाहिजे. ती मागे जाऊ नये म्हणून चाकामागे धोंडा लावायचा. तो धोंडा लावणारी मी.

लग्न झालं तेव्हा मला कुणी हे सांगितलं नव्हतं. पत्रिका बघितली, गुण जुळवले, पण मुलीला धोंडा उचलता येतो का, असं कुणी विचारलं नाही. आमचा धोंडा चांगला कोनात तासलेला, जांभ्याचा, केबिनमध्ये माझ्या पायाशी असायचा. फणसाशी गाडी थांबली की मी उतरायची, उजव्या मागच्या चाकाला धोंडा लावायची आणि बाजूला व्हायची. गाडी सुटली की तो उचलायचा आणि गाडीमागे पळायचं. कारण एकदा सुटलेली गाडी सड्यावर पोचेपर्यंत थांबवायची नाही, गियरसुद्धा बदलायचा नाही, हा ह्यांचा नियम. तेव्हा रोज सकाळी पुढे हे ट्रकमधून, मागे मी, पदर खोचलेला, छातीशी धोंडा धरून धावतेय, असा देखावा असायचा. एकदा गावात नवीन आलेल्या पोस्टमनने तो पाहिला. त्याने सगळीकडे सांगितलं, येसूभाऊंची बायको त्यांना धोंडा घालायला धावते, आणि ते बिचारे गाडी पळवतात. लोकांनी ह्यांना विचारलं, तर हे गंभीर चेहरा करून म्हणाले, "खरं हाय. रोज धावते. पण अजून लागला नाय."

वर पोचले की हे नेहमी हसत उतरायचे. मी धापा टाकत, घामाने निथळत पोचायची आणि हे स्टीअरिंगला धरून हसतायत. "काय झालं हसायला?" मी विचारायची. "काय नाय गो," म्हणायचे. इतक्या वर्षांत मला कधी कारण सांगितलं नाही.

गाऱ्हाण्याची गोष्ट सांगायलाच हवी. देवळात गुरव किंवा गावकार देवाला गाऱ्हाणं घालतो, शेवटी "रे म्हाराजा" म्हणतो आणि जमलेले सगळे "व्हय म्हाराजा" म्हणतात, हे आमच्याकडे पोराटोरांनाही ठाऊक. पहिल्या वर्षी त्या वळणावर गाडी अडकली तेव्हा हे खरोखरच घाबरले होते. खिडकीतून डोकं बाहेर काढून ह्यांनी त्या जागेच्या राखणदाराला मोठ्याने हाक घातली. "बा जागेवाल्या म्हाराजा! आज तुज्या वळनावर ह्या लेकराची गाडी उभी हाय, बायको धोंडा घेऊन मागं उभी हाय. काय चुकलंमाकलं आसंल तर पदरात घे आनि ही गाडी सुखरूप वर ने रे म्हाराजा!" मी धोंडा लावून सवयीने ओरडले, "व्हय म्हाराजा!" आणि ह्यांनी पाय उचलला. गाडी थरथरली, खडी उडाली, आणि गेली की वर! तेव्हापासून तो रिवाजच झाला. इंजिनाच्या आवाजात दुसरं काही ऐकू यायचंही नाही. माझं "व्हय म्हाराजा" म्हणजे धोंडा लागला, मी बाजूला झाले, सोड आता.

पण ह्यांचा स्वभाव! पुढे पुढे गाऱ्हाण्यात रोज काहीतरी नवं यायला लागलं. "हिनं काल डाळीत मीठ दोनदा टाकलंन, तिला ध्यान दे रे म्हाराजा!" गाडी हलायला हवी तर मला "व्हय" म्हणावंच लागायचं. म्हणजे माझ्याच तोंडून माझ्या चुका वदवून घ्यायच्या, तेही देवासमोर. मी ऐकून घ्यायची. एके दिवशी मात्र म्हणाले, "हिच्या म्हायेरची मानसं जरा चिकट हायत, त्यांना सुबुद्धी दे रे म्हाराजा!" मी गप्प. इंजिन गुरगुरतंय. "रे म्हाराजाऽऽ!" मी हाताची घडी घालून फणसाकडे बघत उभी. शेवटी खिडकीतून डोकं बाहेर आलं.

"अगो, पाय वळला माजा क्लचवर!"

"वळू दे."

"आंबा उन्हात हाय!"

"असू दे. आधी माहेरचं दुरुस्त करा."

मग जरा वेळाने आतून पडेल आवाजात आलं, "बा म्हाराजा, हिच्या म्हायेरची मानसं सोन्यासारखी हायत. चिकट हाय तो जावई. त्यालाच सुबुद्धी दे रे म्हाराजा!" मी "व्हय म्हाराजा" असं ओरडले की खाडीतले बगळे उडाले. त्या दिवशी वर पोचल्यावर हसायची पाळी माझी होती.

एकदा मात्र ते गाऱ्हाणं अंगाशी आलं. बागेतलं गवत काढायला वाडीतले गडी बोलावले होते. काम झाल्यावर सगळे मागे हौद्यात चढले. फणसाशी गाडी थांबली. मी उतरले, हातातून धोंडा निसटला आणि घरंगळत गेला, तो आणायला मी वाकले. इकडे ह्यांचं गाऱ्हाणं चालू. "रे म्हाराजा" कानावर पडलं आणि हौद्यातले सगळे गडी, जन्माची सवय, एका सुरात गरजले, "व्हय म्हाराजा!" ह्यांनी ब्रेकवरचा पाय काढला. धोंडा माझ्या हातात, गाडी मागे! मी करवंदीच्या जाळीत उडी टाकली. गाडी फणसाच्या बुंध्याला टेकली आणि थांबली, म्हणून सगळे वाचले. हौद्यात एकावर एक गडी पडलेले, कुणाची टोपी कुणाच्या डोक्यावर. घाबरणं संपल्यावर जे हसायला लागले ते थांबेनात. काट्यात बसून मीही हसत होते. हे तेवढे हसले नाहीत. खाली उतरले, माझ्याजवळ वाटेवरच बसले आणि माझ्या हातातले काटे काढायला लागले. "लागलं काय गो?" एवढंच. काट्यांकडे न बघता ते माझ्याकडेच बघत होते, त्यामुळे काटे निघण्याऐवजी आत जात होते, म्हणून मीच त्यांना ओरडले.

त्याच सुमाराला गाडीचा उजवा आरसा वाकडा झाला. फांदी लागली असेल, असं मला वाटलं. वाकडा म्हणजे अगदी खाली तोंड करून. मागचा रस्ता दिसायचा सोडून त्यात मागचं चाक आणि जमीन दिसायची. मी म्हणायची, "अहो, तो आरसा सरळ करून घ्या." हे म्हणायचे, "आरसा बरोबर हाय." पुढे ह्यांचा गुडघा कुरकुरायला लागला आणि ह्यांनी मला गाडी शिकवायची टूम काढली. मी पन्नाशीची! पण सड्यावर, मोकळ्या सपाटीवर शिकले. "दुधावरची साय काढतेस ना, तसा क्लच सोड. गाडीनं धरलं की पायाला कळतं. तवर घाई नको," असं शिकवणं. मी चालवायला बसले की आधी आरसा सरळ करायची. दुसऱ्या दिवशी बघावं तर पुन्हा खाली तोंड. यावरून आमची किती भांडणं झाली त्याला सुमार नाही. आणि फणसाच्या वळणावर काही ह्यांनी मला गाडी दिली नाही. "तितं तू मागंच हवीस," म्हणायचे. मला राग यायचा. म्हणजे मी कायम धोंडेवालीच का?

आणि आता गाडी खाली, हे वर गेलेले. आंबा तयार. दिवसकार्य आटोपल्यावर एक-दोन ड्रायव्हर येऊन ते वळण बघून गेले. नुसते बघून गेले. आमचा मुलगा नितीन लोट्याला कंपनीत असतो. तो म्हणाला, "आई, ती गाडी आता वर यायची नाही. भंगारवाला तयार आहे, तिथेच कापून नेईल." तिथेच कापून! ज्या गाडीमागे मी माझं अख्खं तरुणपण धावले, तिचे बागेत तुकडे करायचे? "मी आणते," म्हटलं. नितीनने कपाळाला हात लावला. "आई, बाबांनी तुला तिथे कधी चालवू दिली नव्हती," तो म्हणाला. खरंच होतं. म्हणून तर मला आणायची होती.

आमच्या बागेत दिलबहादूर म्हणून राखणदार आहे. नेपाळचा, पण इतकी वर्षं इथे राहून आता त्याला नाचण्याच्या भाकरीशिवाय चालत नाही. त्याने बॅटरी डोक्यावरून वर नेऊन चार्ज करून आणली. आम्ही क्रेट भरले. मागे वजन असलं तर चाक खडीवर घसरत नाही, हेही ह्यांचंच. मी स्टीअरिंगवर बसले. आरशाला मुद्दाम हात लावला नाही. इतके दिवस भांडले, आता कुणाशी भांडू? फणसापर्यंत आले, नाक दरडीला टेकवलं, मागे घेतली, थांबले. दिलबहादूर धोंडा घेऊन उतरला. माझा पाय ब्रेकवर गच्च रुतलेला. वर सड्याच्या कडेला नितीन उभा होता, तो हातानेच नको नको म्हणत होता. मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"बा जागेवाल्या म्हाराजा! आज गाडी चालवणारं माणूस बदललंय. जो रोज तुला हाक मारायचा तो आता तुझ्याकडेच आलाय. त्याला नीट बसायला दे. त्याच्याशी वाद घालू नको, जिंकायचा नाहीस..." इंजिन गुरगुरत राहिलं. कसंबसं म्हटलं, "आणि ही गाडी वर ने रे म्हाराजा!"

मागून, नेपाळी सुरात, खणखणीत आलं, "होई म्हाराज्जा!"

पाय उचलण्याआधी सवयीने नजर आरशाकडे गेली. आणि त्या वाकड्या आरशात, फणसाजवळ, चाकापासून हातभर बाजूला, दिलबहादूर डोक्यापासून पायापर्यंत उभा दिसत होता. अख्खा. जणू फोटो काढायला उभा केलाय. ती माझी जागा. रोज धोंडा लावून मी बाजूला व्हायची ती. इथे चढावर गाडी तिरकी उभी राहिली की त्या आरशात मागचा रस्ता नाही, चाक आणि चाकाशेजारची तेवढीच जागा दिसत होती. त्या काट्यांच्या दिवसानंतर ह्या माणसाने कुणाच्याच "व्हय म्हाराजा"वर भरवसा ठेवला नव्हता, माझ्यासुद्धा. मला पूर्ण बघितल्याशिवाय पाय उचलला नव्हता. आणि मी मेली रोज ओरडत होते, आरसा सरळ करा!

साय काढावी तसा क्लच सोडला. बोनेट थरथरलं, पायाला कळलं, गाडीने धरलं. निघाली! आणि आरशात बघते तर दिलबहादूर धोंडा छातीशी कवटाळून, तोंड उघडं, चपला फटाफट वाजवत मागे धावतोय, गचके बसतील तसा आरशात वर-खाली होतोय, मध्येच अर्धा, मध्येच नुसती टोपी. मला जे हसू फुटलं! हसत हसतच चढ चढले, हसत सड्यावर आले, स्टीअरिंगला धरून हसत बसले. नितीन धावत आला, त्याला वाटलं आई रडतेय. "काय झालं आई?" तो म्हणाला. मी म्हटलं, "काय नाही रे." डोळ्यांतून पाणी येत होतं, ते दोन्हीचं होतं.

परवा सावर्ड्याच्या मेस्त्रीकडे गाडी नेली. ऑइल बदललं, क्लचप्लेट बघितली. गाडीभोवती फिरता फिरता तो पाना घेऊन उजव्या बाजूला आला. "काकी, हा आरसा वाकडा झालाय. सरळ करून देतो."

मी त्याचा हात धरला.

"आरसा बरोबर हाय," म्हटलं.